सोंगातून शिक्षण

सौंसर तालुक्यातील मोहगाव हे नगर अर्धनारीश्वराच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. महाशिवरात्रीला तेथे दर्शनाला गर्दी लोटते. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण झाला तेव्हा सौंसर तालुक्याबरोबर मोहगावही छिंदवाड्याकडून त्या जिल्ह्याकडे आले. पण ह्या भागाच्या नशिबी जिल्हा बदलण्यापेक्षा मोठा बदल त्यापूर्वीच येऊन गेला होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली. घरातली भाषा मात्र मराठीच राहिली. शेतकरी संत्र्याच्या बागेत आणि कापसाच्या शेतात जी बोली बोलत होता, तीच बोलत राहिला. कचेरीतला कागद तेवढा हिंदीत आला.

ज्यांची बोली एक आणि कागदाची भाषा दुसरी, त्यांना काम कसे शिकवावे? औषध कसे फवारावे, खाणीत पाऊल कोठे टाकावे, तान्ह्या मुलाला जुलाब लागले तर काय करावे, ह्या गोष्टी कष्टकरी माणसाला सांगायच्या तर कोणत्या साधनाने सांगाव्या? विसाव्या शतकाने ह्या प्रश्नाला एक उत्तर मोठ्या उत्साहाने दिले. ते म्हणजे चित्रपट, आणि पुढे त्याचीच धाकटी भावंडे, दूरचित्रवाणी व ध्वनिचित्रफीत. एकदा चित्रित करावे आणि हजार ठिकाणी दाखवावे. ह्याहून स्वस्त ते काय? तथापि त्याच शतकात, आणि नवल म्हणजे चित्रपटांच्या राजधानीतच, काही शहाण्या माणसांनी हे उत्तर बाजूला ठेवून जिवंत नटाला शिक्षणाच्या कामाला लावले. महाराष्ट्राला मात्र ही वाट नवी नव्हती.

सोंग हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ ढोंगाचा; दुसरा खेळातल्या भूमिकेचा. नाथांच्या भारुडांत जोशी येतो, वासुदेव येतो, भूत लागलेली बाई येते, आणि श्रोत्याला ओळखीच्या माणसाच्या तोंडून अनोळखी विचार ऐकू येतो. बहुरूपी तर कोणाही अधिकाऱ्याचे रूप घेऊन दारात उभा राहतो आणि घरधन्याला क्षणभर खरोखर घाम फोडतो. विदर्भात ह्या परंपरेचे देशी रूप म्हणजे दंडार आणि खडी गंमत. शाहीर आणि त्याचे साथीदार उभ्या-उभ्याच खेळ करतात, म्हणून ती खडी गंमत. पडदा नाही, नेपथ्य नाही, प्रेक्षक चारी बाजूंनी. स्त्रीचे काम पुरुषच करी. सोंगाड्या मध्येच एखाद्या म्हाताऱ्याला नाव घेऊन हाक मारतो आणि म्हातारा बसल्या जागेवरून उत्तर देतो. खेळ तेथल्या तेथे वळण घेतो. ज्याने हे एकदा पाहिले आहे त्याला पुढे सांगितलेली परदेशी गोष्ट फारशी अपूर्व वाटणार नाही.

ह्या साधनाचा हेतुपुरस्सर, शिकवण्यासाठी म्हणून वापर करणारा पहिला आधुनिक मराठी माणूस जोतीराव फुले. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला आणि मराठी नाटकाचा आरंभ झाला असे मानतात. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ साली, फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. देव, दानव आणि राजे ह्यांच्यावाचून रंगभूमीचे पान हलत नव्हते त्या काळात ह्या नाटकात आला तो एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको. दारात एक जोशी येतो. पोटातल्या मुलाच्या ग्रहांची भीती घालतो. शांती, दक्षिणा, ब्राह्मणभोजन अशी एकेक मागणी वाढत जाते आणि ते भाबडे जोडपे एकेक पाऊल खोल उतरत जाते. बाजूला विदूषक उभा आहे. तो जोशाच्या प्रत्येक वाक्याचे माप प्रेक्षकांच्या पदरात टाकतो. पुढे एक पाद्री भेटतो, बोलणे होते, आणि शेवटी नवरा-बायको दोघेही रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरवतात. फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती ह्याच सुमारास. म्हणजे नाटकाचा शेवट हा शाळेचा दरवाजाच होता.

वाङ्मय म्हणून ह्या नाटकाचे गुणदोष अभ्यासकांनी तपासले आहेत. येथे त्याची बांधणी महत्त्वाची. फुल्यांना ‘जोशावर विश्वास ठेवू नका’ एवढेच सांगायचे असते तर एक पत्रक पुरले असते. ते ज्याला वाचता आले असते त्याला त्याची गरज नव्हती, आणि ज्याला गरज होती त्याला अक्षर ओळखू येत नव्हते. शिवाय फसवणूक ही सांगून कळणारी वस्तू नाही. ती घडत कशी जाते हे पाहावे लागते. पहिली मागणी किती लहान असते, नकार कोणत्या क्षणी जिभेवर येतो आणि कशाने गिळला जातो, हे समोर जिवंत माणसे बोलू लागल्यावर जसे उमजते तसे उपदेशाने उमजत नाही. कुणब्याच्या दृष्टीने त्याचा उंबरठा हीच व्यवहाराची जागा होती. त्या जागी कसे वागावे ह्याची ही तालीम होती. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून वाचकांच्या हाती पडायला १९७९ साल उजाडले.

नाटक कपाटात राहिले तरी कल्पना राहिली नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढच्या पिढीने तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधक जलसे उभे केले. गण राहिला, ढोलकी राहिली, सोंगाड्या राहिला. शृंगाराच्या जागी सावकाराचे कर्ज, लग्नातला खर्च, मुलांची शाळा हे विषय आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत हे जलसे खेडोपाडी गाजले. १९३१ पासून भीमराव कर्डकांनी नाशिककडे आंबेडकरी जलसा सुरू केला. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि गिरणगावातल्या कामगाराला त्याच्याच खात्यातला मुकादम रंगमंचावर भेटू लागला. ह्या सर्वांची राजकीय मते एक नव्हती. परंतु शिकवायचे तर ज्याला शिकवायचे त्याच्या आयुष्यातला प्रसंग त्याच्यासमोर माणसांकडून घडवून आणावा, ही युक्ती सर्वांनी एकाच कुळातून घेतली.

गाडगेबाबांचे कीर्तन नाटकात मोडत नाही. पण ते येथे सोडून दिले तर विदर्भाच्या बाबतीत अन्याय होईल. बाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात प्रश्न विचारीत. समाज एका आवाजात उत्तर देई आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न बसवला जाई. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या काळातील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. त्यात प्रश्न ऐकू येतात आणि त्या रात्रीच्या लोकांची उत्तरेही. परंतु आज ऐकणाऱ्याच्या उत्तरासाठी फीत थांबत नाही. मुद्रित साधनाची सारी मर्यादा ह्या एका गोष्टीत दिसते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दोन्ही मार्ग धरले. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे बंधनकारक होते, आणि खेड्यात प्रचाराच्या मोटारी पडदा घेऊन हिंडत. १९५४ साली गीत व नाटक विभाग निघाला. पंचवार्षिक योजनांचा प्रचार लोककलावंतांकडून करून घेणे हे त्याचे काम. एका गोष्टीची आठवण अनेक देशांच्या नावावर सांगितली जाते. हिवतापाचा माहितीपट पाहून गावकरी म्हणाले, ‘आमच्याकडचे डास एवढे मोठे नसतात.’ ती खरी असो वा नसो, मोठ्या पडद्यावरच्या डासाला शंका विचारता येत नाही हे खरे. चित्रपटाची भाषाही एकदा ठरली की ठरली. मोहगावसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक टोचतो. हिंदी फीत आली तर ती हिंदीच बोलणार, पुण्याची मराठी फीत आली तर ती पुण्याचीच मराठी बोलणार. खडी गंमतीचा शाहीर पहिल्या दोन वाक्यांत समोरच्यांची बोली हेरतो आणि तिसऱ्या वाक्यापासून तीच बोलू लागतो.

चित्रपटाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बीज कसे रुजते, यंत्राच्या पोटात काय चालते, फुप्फुसात धूळ कशी साठते हे नट कसे दाखवणार? जे डोळ्यांना दिसत नाही किंवा फार वेगाने घडते ते दाखवण्यात कॅमेऱ्याला तोड नाही. शिवाय तो थकत नाही, मानधन मागत नाही, आणि शंभराव्या खेळातही पहिल्याइतकाच अचूक राहतो. नटाचे दोषही मोठे आहेत. टाळी पडली की सोंगाड्या विनोद ताणतो आणि धडा विनोदाच्या पोटात जातो. घरी जाताना लोकांना सोंग आठवते, सूचना आठवत नाही. ह्याहून खोल दोष सरकारी पथकांचा. फुल्यांचा विदूषक कोणाच्या मिठाला जागणारा नव्हता. तो बलवानाची टर उडवू शकत होता. जो नट खात्याच्या मंजुरीने येतो त्याला खात्याची चूक रंगमंचावर आणता येत नाही, आणि कामगाराला बहुधा त्याच चुकीविषयी बोलायचे असते.

ह्याच काळात पुण्याच्या परिसरात एक प्रयोग झाला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, शेतकरी श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसत, शेतीवरचा कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करीत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉयराथ ह्यांनी परिणाम तपासला. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडली होती. फरक यंत्राने पडला नव्हता. यंत्र बंद झाल्यावर जे बोलणे होई त्याने पडला होता.

आता परदेशी गोष्ट. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज नावाचे एक मज्जाविकारतज्ज्ञ होते. शिक्षण चालू असताना त्यांचे काम असे की, मोठ्या परीक्षेसाठी रुग्ण जमवावेत. मज्जारज्जूचा विकार असलेला एक रुग्ण त्या परीक्षेत एकामागून एक उमेदवारांकडून तपासला गेला. दिवसअखेर त्याने बॅरोजांना सांगितले की, एक डॉक्टर फार आडदांडपणे वागला, तेव्हा आपण त्याला मुद्दाम चुकीची लक्षणे दाखवली. नको त्या पायाची प्रतिक्षिप्त क्रिया दाखवली आणि संवेदनाही बदलून सांगितल्या. दुसरा कोणी हे ऐकून चिडला असता. बॅरोजांनी त्यातून दोन गोष्टी घेतल्या. लक्षणांचे सोंग घेता येते ही एक. आणि डॉक्टर कसा वागला हे रुग्णाइतके कोणालाच ठाऊक नसते, ही दुसरी.

१९६३ साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी ह्या दोन गोष्टी जोडल्या. एका धडधाकट स्त्रीला त्यांनी मज्जासंस्थेच्या विकाराने दोन्ही पाय लुळे पडलेल्या बाईची भूमिका शिकवली. पॅटी डगर हे त्या भूमिकेचे नाव. तिला आजाराचा इतिहास पाठ होता, कोठे संवेदना नाही हे पाठ होते, आणि मनातली भीतीही पाठ होती. विद्यार्थी आत जाई, तपासणी करी, बाहेर येई. मग ती बाई कागद घेऊन बसे आणि त्याने काय विचारले, काय विचारायचे राहिले, धीर दिला की नाही, ह्याची नोंद करी. १९६४ साली बॅरोज आणि त्यांचे सहकारी अब्राहमसन ह्यांनी ह्या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी ही पद्धत अनेकांना हास्यास्पद वाटली. हॉलिवूडच्या शेजारचे महाविद्यालय, तेव्हा तेथे नट घुसणारच, अशी वृत्तपत्री थट्टा झाली. वैद्यकासारख्या गंभीर विद्येची ही विटंबना आहे, आणि नटांना पैसे मोजावे लागतात ते वेगळेच, असेही म्हटले गेले.

थट्टा करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. ज्या शहरात जगातले उत्तम कॅमेरे आणि उत्तम चित्रकार हाताशी होते, त्याच शहरात हा डॉक्टर चित्रपट न काढता बाई आणून बसवतो, ह्याला कारण असले पाहिजे. चित्रपटातल्या रुग्णाला विद्यार्थी फक्त पाहतो. त्याला प्रश्न विचारण्याची पाळी येत नाही, म्हणून चुकीचा प्रश्नही विचारला जात नाही. चूक झाल्यावाचून दुरुस्ती कसली? खऱ्या रुग्णावर चूक करून शिकावे तर तो रुग्णाचा छळ होतो. चूक करण्याची मुभा असावी आणि चुकीची किंमत कोणा दुखणाईताने मोजू नये, ह्यासाठी सोंग.

पुढे ही पद्धत रुळली. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन ह्यांनी परीक्षेची एक नवी रीत मांडली. विद्यार्थी ठराविक वेळाने एका ठाण्यावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक ठाण्यावर एक नेमके काम करून दाखवतो. ह्या ठाण्यांवर सोंगाचे रुग्ण बसू लागले. १९९३ पासून कॅनडाच्या, तर २००४ पासून अमेरिकेच्या परवाना-परीक्षेत असे रुग्ण आले. अमेरिकेने ही परीक्षा २०२० साली महासाथीमुळे थांबवली आणि २०२१ साली बंदच केली. तिच्या खर्चाबद्दल तक्रारी होत्याच. महाविद्यालयांतून ही पद्धत गेली नाही. भारतात २०१९ पासून वैद्यकाच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद ह्यांचा स्वतंत्र भाग आला आणि त्यात भूमिका घेऊन शिकण्याला, सोंगाच्या रुग्णाला, स्थान मिळाले. छिंदवाड्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०१९ सालीच सुरू झाले.

हा योगायोग मोहगावकडच्यांना जवळचा आहे. ह्या भागातला रुग्ण उत्तरेस छिंदवाड्याला नेला जातो किंवा दक्षिणेस नागपूरला. पुस्तक इंग्रजी, महाविद्यालयाचे गाव हिंदी, आणि खाटेवरची म्हातारी सौंसरकडच्या मराठीत सांगते की पोटात ‘गोळा फिरते’, अंगात ‘कसंतरीच’ होते. तिच्या ह्या शब्दांचा अर्थ लावायला कोणतीही फीत शिकवणार नाही, कारण फितीतली म्हातारी दिग्दर्शकाने लिहून दिलेलेच बोलणार. तालुक्यातल्याच एखाद्या गंमतीच्या फडातला जुना नट त्या खुर्चीवर बसवला, तर भावी डॉक्टरला पहिल्याच वर्षी समजेल की ‘काय होते?’ ह्या प्रश्नाला ह्या मुलखात आधी मुलाच्या शेताची हकीकत येते आणि मग दुखणे येते. अशा नटांना दोन दिवसांचे काम आणि रोख बिदागी मिळेल, हेही काही कमी नाही.

कामाच्या जागेवरचे शिक्षण कायद्याने सक्तीचे झाले ते खाणींत. सौंसरचे नाव भूशास्त्रात ‘सौंसर’ खडकसमूहामुळे रूढ आहे. त्याच खडकांत मँगनीज आहे. त्याच्या उत्तरेला पेंच-कन्हानच्या कोळशाच्या खाणी. १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी नव्या खाणकामगाराला काम देण्यापूर्वी शिकवणे आवश्यक केले. शेतमजुराला असे कोणतेही रक्षण नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात पडली. औषधाच्या डब्याबरोबर माहितीचे पत्रक असते. ते बारीक अक्षरांत असते आणि बहुधा दुकानातच राहते.

अशा फवारणीचे सोंग रंगमंचावर आणायला फारसे काही लागत नाही. पाठीवर रिकामा पंप, तोंडाला फडके, आणि चारी बाजूंनी बसलेले लोक. नट वाऱ्याच्या दिशेने तोंड करून फवारू लागतो. नोझल तुंबली म्हणून तोंडाने फुंकतो. तेवढ्यात मालक येतो आणि म्हणतो, ‘दुपारपर्यंत चार एकर झालं पाहिजे.’ मजुराला ठाऊक आहे की उन्हाच्या वेळी थांबावे. मालकाला नाही कसे म्हणावे हे ठाऊक नाही. येथे सोंगाड्या खेळ थांबवतो आणि प्रेक्षकांतल्या एकाला बोलावून पंप त्याच्या पाठीवर देतो. आता त्याने मालकाला उत्तर द्यायचे. पहिला खाली पाहतो. दुसरा उगाच हसतो. तिसरा म्हणतो, ‘मालक, चार वाजता येतो, पण आत्ता नाही.’ मालकाची भूमिका करणारा नट ह्या उत्तराने खरोखर गोंधळतो, कारण ते त्याच्या पाठांतरात नसते, आणि जमलेले लोक पुढे सरकून बसतात.